बाबा म्हणून एक नंबर, मग त्याला डिप्रेशन कसं असेल?

पत्र

ताई नमस्कार, मी नाशिकला असते, वय ३९, शाळेत शिकवते. नवरा ४२चा, अंबडला एका कंपनीत प्लॅनिंगला आहे. मुलगी पाचवीत, सासूबाई आमच्याकडेच असतात. मध्यंतरी आम्ही दोघांनी ओटीटीवर 'आफ्टरसन' नावाचा इंग्लिश पिक्चर बघितला, मैत्रिणीने सांगितलं होतं बाप-लेकीचा गोड पिक्चर आहे म्हणून. संपल्यावर मी म्हटलं मला तर बाई काही कळलंच नाही शेवटी काय झालं ते, तर तो म्हणाला "मला कळलं" आणि उठून गॅलरीत गेला, तासभर आत आलाच नाही. तेव्हापासून माझं डोकं चालत नाहीये. तीन-चार महिने झाले तो पहाटे साडेतीनला उठून बसतो. ट्रेकचा ग्रुप सोडला. पँटी सैल झाल्यात. आईवर खेकसतो, आधी कधी आवाज चढवला नव्हता. पण मुलीसोबत विचाराल तर एक नंबर! तिचं गणित घेतो, रात्री गोष्ट सांगतो, दोघं खो-खो हसत असतात. डिप्रेशनवाला माणूस असा हसेल का? सासूबाई म्हणतात सगळं आहे घरात, कसलं आलंय दुःख. मी मुलीला हळूच विचारत असते बाबा काय करत होता, काय बोलला. आणि तो बेजबाबदार वगैरे अजिबात नाही हं, मागच्याच महिन्यात त्याने विम्याची फाईल नीट लावून मला समजावून सांगितली, सगळे पासवर्ड डायरीत लिहून दिले, म्हणाला उद्या तुला कुणापुढे हात पसरायला लागू नये. दिवाळीच्या सुट्टीत तो आणि मुलगी दोघंच तारकर्लीला जाणारेत, माझे सहामाहीचे पेपर तपासायचे असतात म्हणून. पिक्चरमध्येही बाप-लेक समुद्रावरच जातात ना, ते आठवलं की पोटात गोळा येतो. जाऊ देऊ का? की पिक्चर बघून मी उगाच डोक्यात घेतलंय?

उत्तर

ताई, पिक्चरचं नंतर बोलू, तारकर्लीचंही नंतर बोलू. तुम्ही पत्राच्या शेवटी शेवटी नवऱ्याचं कौतुक म्हणून जे लिहिलंय ना, फाईल लावून दिली, पासवर्ड लिहून दिले, मला तिथे थांबायचंय आधी. एरवी ही खरंच कौतुकाची गोष्ट, सगळ्या नवऱ्यांनी करावी, निम्म्या घरांत बायकांना पॉलिसी कुठल्या कपाटात आहे तेसुद्धा माहीत नसतं. पण जो माणूस पहाटे साडेतीनला उठून बसतो, ज्याची पँट सैल झालीये, ज्याने ट्रेक सोडला, तो जेव्हा "उद्या तुला हात पसरायला लागू नये" म्हणतो तेव्हा ते निव्वळ जबाबदारीत ढकलून मोकळं होता येत नाही. कदाचित जबाबदारीच असेल. ऑफिसात कुणी अचानक गेलं असेल, त्याच्या घरच्यांची झालेली धावपळ बघून याने आपलं आवरून ठेवलं असेल, असंही होतं. पण आपण अंदाज करत बसायचं नाही, त्याला विचारायचं. आज रात्री. मुलगी झोपल्यावर, सासूबाईंच्या खोलीचं दार लागल्यावर.

आणि आडून आडून नाही हां. "तुझं बरं चाललंय ना?" असं विचारलं की आपल्याकडे त्याचं एकच उत्तर असतं, "हो, का गं?" मग विषय संपला, तुम्हाला बरं वाटतं आणि त्यालाही सुटल्यासारखं होतं. सरळ विचारा. "तू पहाटे उठून बसतोस, फाईल लावून दिलीस, त्या दिवशी पिक्चरनंतर तासभर बाहेर होतास, मला भीती वाटतीये. तुझ्या मनात जगूच नये असं येतं का? जीव द्यावा असं कधी येतं का?" हे शब्द तोंडातून काढायला फार जड जातं ते माहितीये, आपल्याकडे असलं अभद्र बोलू नये म्हणतात, वास्तू तथास्तु म्हणते वगैरे. पण जगभरचे मानसोपचारवाले या एका बाबतीत ठाम आहेत की विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट ज्याच्या डोक्यात तो आधीपासून आहे त्याला पहिल्यांदा कुणीतरी दार उघडून दिल्यासारखं होतं, बरेच जण तर रडतात आणि म्हणतात तू विचारशील असं वाटलंच नव्हतं.

तो हो म्हणाला तर काय, हेच तुम्हाला घाबरवतंय. तर हो म्हणाला तर वाद घालायचा नाही. "मग पोरीचा विचार केलास का?" हे तर अजिबात नको, त्याने तो लाख वेळा केलाय, आणि अशा वेळी माणसाच्या डोक्यात तो विचार उलटाच फिरत असतो, की मी नसलो तर यांचं जास्त बरं होईल. ऐकून घ्या, "सांगितलंस ते बरं केलंस" एवढं म्हणा, आणि विचारा की कसं करायचं, कधी, असं काही ठरवलंयस का. ठरवलं असेल तर त्याला एकट्याला सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या (सासूबाईंच्या पण) आणि तसलं काहीही त्याच्या हाताशी राहणार नाही असं बघायचं, आणि सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला जायचं, सिव्हिलची कॅज्युअल्टी रात्रभर उघडी असते, गाडी नसेल तर १०८. आणि आत्ता हे वाचतावाचता फोनमध्ये एक नंबर सेव्ह करा, १४४१६. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. ती फक्त ज्याला त्रास होतोय त्याच्यासाठी नसते, तुमच्यासारख्या घरच्यांनीही फोन करून "आता मी काय करू" विचारायचं असतं.

मी उगाच घाबरवतीये असं वाटत असेल तर एकच आकडा सांगते आणि सोडून देते. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, शंभरातले जवळजवळ ७२ पुरुष, आणि राज्यांत पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा. यातल्या कित्येक घरांत नंतर लोक म्हणाले असतील की अहो काल तर हसत होता.

आता हसण्याचं. तुम्ही त्याला अरे-तुरे करताय म्हणून मीपण करते. तुमचा सगळा हिशोब या एका वाक्यावर उभा आहे की लेकीसोबत इतका छान वागतो म्हणजे आतून बरा असणार. हे खरं नाहीये. घरात पैशाची कितीही ओढाताण असू दे, पाहुण्यांचा चहा आपण दूध-साखर घालूनच करतो की नाही, आणि ते गेल्यावर स्वतः काळा पितो. त्याची लेक त्याची पाहुणी आहे असं समजा. उरलंसुरलं सगळं बळ तो तिच्या त्या गणितात आणि गोष्टीत घालतोय, म्हणून आईसाठी उरत नाही, ट्रेकवाल्या मित्रांसाठी उरत नाही, तुमच्यासाठीही फारसं उरत नसेल (ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण आमच्यात बोलणं नेहमीसारखं आहे असंही कुठे लिहिलेलं नाहीये, मी दोनदा वाचलं). आणि ते हसणं खोटं आहे असंही नाही, हे नीट समजून घ्या. तो नाटक करत नाहीये. पोरीबरोबरचा तो अर्धा तास त्याला खरंच बरं वाटत असणार, मग ती झोपते. चांगला बाप आणि आजारी माणूस हे दोन वेगळे लोक नसतात. एकामुळे दुसरा रद्द होत नाही.

आणि इथे मला तुमच्या त्या पिक्चरबद्दल बोलायचंय, कारण मी तो बघितलाय आणि तुम्ही त्यातलं जे घ्यायला नको ते घेतलंय आणि जे घ्यायचं ते राहिलंय असं मला वाटतं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते, ज्यांना बघायचाय त्यांनी हा भाग सोडून द्या. २०२२ चा पिक्चर, शार्लट वेल्स नावाच्या स्कॉटिश दिग्दर्शिकेचा पहिलाच मोठा सिनेमा, बापाचं काम केलेल्या पॉल मेस्कलला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं होतं. नव्वदीच्या शेवटाचा काळ, कॅलम नावाचा तिशीतला बाप, लेकीच्या आईपासून वेगळा राहणारा, अकरा वर्षांच्या सोफीला घेऊन तुर्कस्तानला एका बऱ्यापैकी स्वस्तातल्या रिसॉर्टला जातो. स्विमिंग पूल, आईस्क्रीम, व्हिडिओ कॅमेरा, बस. घडत काहीच नाही. मोठी झालेली सोफी त्या कॅमेऱ्यातल्या टेप्स बघतीये एवढंच मधूनमधून दिसतं. डिप्रेशन हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही, बापाचं पुढे काय झालं तेही कुणी सांगत नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही, त्यात तुमचं काही चुकलं नाही, तो पिक्चर केलाच तसा आहे.

पण तो बाप काय काय करतो ते आठवा. लेकीला उन्हाचं क्रीम चोळून लावतो. कुणी हात धरला तर कसा सोडवायचा ते शिकवतो. पुढे मोठी झालीस की कुठलीही गोष्ट मला सांगू शकतेस म्हणतो. आणि मग तो सीन आहे बघा, हाताला प्लास्टर असतं ते तो बाथरूममध्ये बसून कात्रीने स्वतःच कापत बसलाय, लागतंय त्याला, रक्त येतंय, आणि भिंतीच्या अलीकडे पोरगी निवांत वाचत त्याच्याशी गप्पा मारतीये आणि तो आतून तिला उत्तरं देतोय, आवाज नॉर्मल. मला विचाराल तर अख्खा पिक्चर त्या एका फ्रेममध्ये आहे. बाप म्हणून तो कुठेही फारसा कमी पडत नाही. एका रात्रीचा अपवाद सोडला तर. तरीही तो बुडत असतो. तुम्ही विचारताय ना, असा माणूस असा हसेल का, तर त्या पिक्चरने दीड तास तुम्हाला तेच उत्तर दिलंय आणि तुमच्या नवऱ्याने ते ऐकलं. "मला कळलं" म्हणाला तो. ताई, तुम्ही या वाक्यानंतर त्याला काय कळलं ते विचारलं नाहीत. आज रात्री सुरुवात कुठून करायची हे सुचत नसेल तर तिथूनच करा, "त्या दिवशी मला कळलं म्हणालास, काय कळलं ते मला सांग ना", त्यानंतर मग तो सरळ प्रश्न.

आता जे घ्यायला नको ते. समुद्र. पिक्चरमध्ये समुद्र आहे म्हणून तारकर्लीला धोका, असं नसतं हो. तुमचा नवरा म्हणजे कॅलम नाही, तुमची मुलगी म्हणजे सोफी नाही. पिक्चर बघून निदान होत नाही, तुम्ही केलेलं नाही आणि मी इथे बसून पत्रावरून केलेलंही नाही. आणि एक मोठा फरक आहे, त्या सोफीच्या हातात वीस वर्षांनी फक्त टेपा उरल्यात, ती रिवाइंड करून शोधतीये की बाबाला काय होत होतं, ज्याला विचारायचं तो माणूसच समोर नाही. तुमच्याकडे तो शेजारच्या खोलीत आहे. तुम्ही मात्र सध्या तो असताना टेप बघितल्यासारखं त्याच्याकडे बघताय, लांबून, खुणा गोळा करत.

तारकर्लीचं उत्तर मग असं. आज रात्रीच्या बोलण्यात आणि डॉक्टरांच्या पहिल्या भेटीत काय निघतं त्यावर ते ठरेल. जगू नये असे विचार येतात म्हणाला तर जायचं नाही, सोपं आहे, बुकिंगचे पैसे गेले तर गेले. तसं काही नाही, नुसता थकलोय, झोप नाही म्हणाला तरी माझं मत दोघांनीच जाऊ नये असं आहे, त्याच्यावर अविश्वास म्हणून नाही. चोवीस तास दहा वर्षांच्या मुलीसमोर आनंदी राहायचं, तिचं खाणंपिणं बघायचं, पोहताना लक्ष ठेवायचं, आणि रात्री झोप नाही, हे आजारी माणसाला झेपत नाही, आणि काही बिनसलं तर तिथे पोरगी एकटी त्याला सांभाळत बसेल. तिघांनी जा. पेपरचे गठ्ठे घेऊन जा सोबत, तुम्ही शिक्षक लोक तसेही रेल्वेत बसूनसुद्धा पेपर तपासता. नाहीतर पुढे ढकला. फक्त त्याला हे सांगताना "डॉक्टर म्हणाले म्हणून" किंवा "मला सुट्टी मिळाली" असली थाप नको. "मला तुमच्यासोबत यायचंय, तुला एकट्याला आत्ता झेपणार नाही असं मला वाटतं" हे खरं आहे, खरंच सांगा. चिडेल. चिडू दे.

डॉक्टरकडे न्यायचं कसं हा पुढचा प्रश्न, कारण "तुला डिप्रेशन आलंय, चल" म्हटलं की पुरुष माणूस शंभरातल्या नव्वद वेळा "मला काय वेड लागलंय का" म्हणतो, हा माझा अनुभव, सर्व्हे नाही. झोपेवरून जा. साडेतीनला जाग येणं आणि पुन्हा झोप न लागणं हे डिप्रेशनच्या अगदी पुस्तकी लक्षणांपैकी आहे, आणि झोपेची तक्रार घेऊन जाण्यात कुणाला लाज वाटत नाही. वजन कमी झालंय, चिडचिड वाढलीये, हेही त्यातच येतं. पुरुषांचं डिप्रेशन बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही, ते खेकसण्यातून दिसतं, नाहीतर ऑफिसात उशिरापर्यंत बसण्यातून, पिण्यातून, गाडी भरधाव चालवण्यातून. तुम्ही म्हणता आईवर आवाज चढवतो, तर कदाचित तो आवाज म्हणजेच त्याचं रडणं असेल, कदाचित नसेलही, सांगता येत नाही.

आधी फॅमिली डॉक्टरकडे गेलात तरी चालेल. थायरॉइड, बी-१२, शुगर, हिमोग्लोबिन बघतील, त्यांच्यातल्या गडबडीनेही माणूस असा गळून जातो, आणि जुनी प्रेशरची वगैरे काही गोळी चालू असेल तर तीही दाखवा. पण रिपोर्ट नॉर्मल आले की "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून परत येऊ नका, तिथे चिठ्ठी मागा मानसोपचारतज्ज्ञांसाठी. सायकॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर त्यातच पुढे शिकलेला डॉक्टर, तो निदान करतो, गोळ्या देतो. समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. तुमच्याकडे साडेतीनची जाग, वजन, फाईल हे सगळं आहे म्हणून मी आधी सायकॅट्रिस्टच म्हणेन, ते सांगतील कौन्सेलिंग लागेल की नाही. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. तिथे बहुतेक एक नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतील, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात रस वाटला का वगैरे, आणि नववा प्रश्न हाच असतो, मरून जावंसं वाटतं का. म्हणजे मी तुम्हाला जे विचारायला सांगतीये ते काही भलतंसलतं नाही, डॉक्टर पहिल्याच दिवशी विचारतात.

गोळ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत पण घरात विषय निघणारच, सासूबाई तर म्हणणारच की सवय लागते. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, तशी त्यांची चटक लागत नाही. पण त्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात काम करत नाहीत, फरक दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला मळमळ, थोडी बेचैनी असं होऊ शकतं, आणि नेमक्या याच काळात लोक "काही उपयोग नाही" म्हणून बंद करतात. त्या पहिल्या आठवड्यांत त्याच्याकडे जरा जास्तच लक्ष असू द्या, बेचैनी वाढली किंवा काही विचित्र बोलायला लागला तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन. बरं वाटलं की आपण होऊन थांबवायच्या नाहीत हेही आत्ताच सांगून ठेवते, बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवायला सांगतात आणि बंद करताना हळूहळू कमी करत आणतात. त्याला भीती वाटेल कंपनीत कळलं तर. डॉक्टरांनी गुप्तता पाळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला दिलेला हक्क आहे, आणि याच कायद्यात असंही आहे की विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं. ती फाईल लावून दिलीये ना, त्यातली मेडिक्लेमची पॉलिसी काढा आणि वाचा, तिचा हा उपयोग आधी होऊ दे.

आता मुलगी. इथे मला तुमच्यावर थोडं रागवायचंय. तिला हळूच विचारणं बंद करा, बाबा काय करत होता, काय बोलला. ती दहा वर्षांची आहे, तिला तुम्ही बातमीदार करून ठेवलंय. मुलांना हे फार पटकन समजतं की आईला बाबाबद्दल काहीतरी काळजी आहे आणि त्यात आपलं एक काम आहे. मग बाबा हसला की तिला वाटतं मी हसवलं, बाबा गप्प बसला की माझं काही चुकलं. ती खो-खो हसते असं तुम्ही लिहिलंय, मला शंका अशी आहे की त्या हसण्यात तिचीही थोडी मेहनत असेल, तो तिला हसवतोय आणि ती त्याला. मघाशी पिक्चरमधल्या बापाबद्दल एका रात्रीचा अपवाद म्हटलं ना, ती ही रात्र. कॅराओकेला बाप गायला नको म्हणतो आणि अकरा वर्षांची पोरगी स्टेजवर एकटीच बेसूर गात राहते, खाली उतरल्यावर तो म्हणतो तुला गाण्याचा क्लास लावू, तर ती चिडते की पैसे नसताना मला असलं काही देऊ नकोस. तिला सगळं माहीत असतं! मुलांना माहीत असतंच, फक्त नाव माहीत नसतं, म्हणून ती आपल्या मनाने कारण ठरवतात आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे ती स्वतःच असतात.

तर डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर, शक्य झालं तर त्याच्यासमोरच, त्याच्या परवानगीने, तिला सांगा. लांबण लावायची नाही. "बाबाला सध्या बरं नाहीये, झोप लागत नाही आणि आतून खूप उदास वाटतं, हा एक आजार असतो, त्याला डॉक्टर आहेत, औषध चालू केलंय. तुझ्यामुळे झालेलं नाहीये आणि बरं करायचं कामही तुझं नाहीये, ते डॉक्टरांचं आणि आमचं. तुला भीती वाटली, काही विचारायचं असलं तर कधीही मला विचार." बास. आत्महत्या वगैरे शब्द तिच्यापाशी काढायची गरज नाही, पण तिने कुठून ऐकून स्वतःहून विचारलं तर खोटंही बोलू नका. गणित आणि गोष्ट चालूच राहू देत, ते त्याच्याकडून काढून घेऊ नका, ज्या दिवशी नाही जमलं त्या दिवशी "आज बाबाला झेपत नाहीये, आज आई सांगेल" म्हणायचं आणि तुम्ही सांगायची, वाईट सांगितलीत तरी चालेल.

सासूबाईंवर फार वेळ घालवू नका. "सगळं आहे मग दुःख कसलं" याला घरात बसून उत्तर देण्यात अर्थ नाही, त्यांची बीपीची गोळी चालू असेल तर त्यांना एवढंच म्हणा की आई, तुम्हाला बीपी आहे ते काय घरात काही कमी होतं म्हणून झालं का. नाही पटलं तर नाही पटलं. फक्त त्याच्यासमोर त्यांनी ते वाक्य म्हणू नये एवढं बघा, आणि तो त्यांच्यावर खेकसला की लगेच मध्ये पडून त्याला झापू नका, पण नंतर एकांतात सांगा की आईंना लागलं ते. आजार असला म्हणून काहीही बोलायची सूट नसते.

आणि तो नाहीच म्हणाला सगळ्याला, मी ठीक आहे, तू पिक्चर बघून डोक्यात घेतलंयस, झोप आता, असं म्हणाला तर? बहुतेक पहिल्यांदा असंच म्हणेल. तर भांडायचं नाही, पण सोडायचंही नाही. "ठीक आहेस तर छानच, मग झोपेसाठी शनिवारी डॉक्टरांकडे जाऊ, मी वेळ घेतलीये." वेळ खरंच घेऊन ठेवा आधी. तीन-चार दिवसांनी पुन्हा विचारा, त्याच शब्दांत. त्याचा एखादा जवळचा मित्र, ट्रेकच्या ग्रुपमधलाच कुणीतरी, ज्याचं तो ऐकतो, त्याला विश्वासात घ्या, पण ग्रुपवर नाही, एकालाच, आणि त्याला सांगा की समजूत काढायला नको, फक्त रविवारी सकाळी ये आणि त्याला पांडवलेणीपर्यंत चालायला घेऊन जा. भाऊ-बहीण असेल कुणी तर त्यांनाही. तुमचंही कुणीतरी एक माणूस हवं, आई, बहीण, शाळेतली मैत्रीण, ज्याच्यापाशी तुम्ही हे बोलाल, तीन-चार महिने तुम्हीसुद्धा साडेतीनला त्याच्याबरोबर जागे असणारच, डोळे मिटून पडून राहत असाल.

डॉक्टरकडे जाताना एका कागदावर लिहून न्या, जाग कधीपासून, वजन किती उतरलं, काय सोडलं, कशावरून चिडतो, आणि फाईलचं आणि पासवर्डचंही लिहा, ते वगळू नका. ओपीडीत वेळ कमी असतो आणि तिथे गेल्यावर तो म्हणणार, काही नाही डॉक्टर, जरा झोप कमी आहे. तो कागद त्याच्यासमोरच द्या, मागून चोरून नाही. एक डॉक्टर नाही पटला तर दुसरा बघा, त्यात काही बिघडत नाही.